पत्र्याच्या दवाखान्यातलं बाळंतपण

मी औंधाकडची. नर्सचं शिक्षण संपवून आधी दुसऱ्या एका गावात वर्षभर काम केलं आणि मग कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावात रुजू झाले, तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. तिथला दवाखाना म्हणजे पन्हळी पत्र्याचं अर्धगोल घर. आडवं पिंप मधोमध चिरून जमिनीवर पालथं घालावं, तसं. भिंत कुठं संपते आणि छप्पर कुठं सुरू होतं, ते कळायचं नाही.

त्याची माहिती मला शेजारच्या निवृत्त हवालदारांनी सांगितली. मोठ्या लढाईत परमुलखातल्या वाळवंटात ते असल्याच घरात राहिले होते. सुटे पत्रे आणि कमानी ट्रकमधून यायच्या. नटबोल्ट आवळायला पाना असला की पाच-सहा जण दिवसभरात घर उभं करायचे. लढाई संपल्यावर छावण्यांचे लिलाव झाले. हे घर सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं, त्यात हळद साठवली. दुष्काळात ते गावात आलं ते लोकांना खायला वाटायच्या सुकडीची पोती ठेवायला, आणि पोती संपल्यावर त्यात माझी खाट पडली. मुळात आतून दुसरा पत्रा असायचा, मध्ये पोकळी. तो आतला पत्रा वाटेत कुठंतरी गेला होता. त्यामुळं उन्हाळ्यात घर तापायचं आणि पाऊस आला की समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. हवालदार आठवड्याला येऊन बोल्ट तपासून जात. मला मात्र वारा सुटला की धडकीच भरायची.

वैशाखात एका दुपारी पहिलटकरीण आली. नवरा फौजेत, बरोबर सासू. मी लाकडी नळी पोटावर टेकवून बाळाचे ठोके घड्याळावर मोजले. ठीक होते. पण तासाभरात आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या.

तो आवाज सांगता येणार नाही. सासूचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कळत नव्हते. मी नळीला कान लावला. पत्र्याशिवाय काही ऐकू येईना. आधीच्या गावात एका बाळाचे ठोके मंदावलेले मला उशिरा कळले होते. ते बाळ गेलं होतं. तालुक्याला न्यावं तर मधला ओढा भरला असणार, गाडी पलीकडं जाणार नाही.

गारा थांबल्या, पाऊस चालूच राहिला. घोंगडं पांघरून हवालदार पत्रे बघायला आले. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, की मला बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत. ते क्षणभर वर बघत राहिले. मग माझ्या कानाशी वाकले.

“पत्र्यावर कडबा टाकतो, बाई. गडी घिऊन येतो. तुमी हातातलं सोडू नगा.”

ते दोघा-तिघांना घेऊन आले. मागं कडब्याची गंज होती. घराचा पत्रा जमिनीपर्यंत उतरलेला, त्यामुळं शिडी लागली नाही; बाजूनंच पेंढ्या वर फेकल्या आणि वरून दोर टाकून आवळल्या. बरोबर खाटेवरचा तेवढा भाग झाकला. आवाज गेला नाही, पण बसका झाला.

मी श्वास धरून नळी लावली. ठोके होते. कळ येऊन गेल्यावर मात्र ते मंदावत होते आणि लवकर सावरत नव्हते. मी पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा मोजलं. थोडे वाढले. पुढची प्रत्येक कळ मला माझ्याच पोटात आल्यासारखी वाटली.

डोकं बाहेर आलं तेव्हा नाळ मानेभोवती होती. बोट घालून ती सोडवली. मुलगी होती. निळसर आणि गप्प. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. पावसानं नेमका तेव्हाच पुन्हा जोर धरला. मग तिचं तोंड उघडलं, जबडा थरथरला, अंग तांबूस होत गेलं. ती रडत होती; मला ते नुसतं दिसत होतं. मी तिच्या तोंडाशी कान नेला, तेव्हा कुठं बारीक आवाज लागला.

पाऊस उतरल्यावर हवालदार दाराबाहेर ओलेचिंब बसले होते. दोघी सुखरूप आहेत म्हटलं, तर ते उठून घोंगडं पिळायला लागले. म्हणाले, “मला वाटलं, घर उडतंय. लय भ्यालो हुतो.”

पक्की इमारत मिळावी म्हणून त्याच आठवड्यात मी वरती अर्ज लिहिला. ती व्हायला दोन वर्षं लागली. तोवर वळवाच्या दिवसांत आभाळ जरा भरलं, की दिवस भरलेल्या बाईला मी आधीच गाडीत बसवून तालुक्याला धाडायची. गावातल्या सासवा माझ्यावर चिडायच्या. नर्सबाई भित्री हाय, म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची आणि बैल जुंपायला सांगायची.