परत मागितलेलं वाण

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या त्या बाईंचं माहेर देहूचं, गळ्यात तुळशीची माळ. ओठांना लावायचं मलम त्या घरीच करून विकतात. डबी देताना झाकणावर टिचकी मारून म्हणतात, "घरचं हाय, बिनघोर लावा."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी आम्हा सगळ्याजणींना तेच लाल मलम वाण म्हणून दिलं. पुढच्या आठवड्यात त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी चपला काढल्या नाहीत. दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. त्या मागत होत्या.

"त्यातला लाल रंग वाळवलेल्या किड्यांचा निघाला. मी फुलांचा समजून आणला व्हता. ह्यात रतनजोत घातलीय, झाडाची मुळी." नवी डबी त्यांनी पुढे केली, पण टिचकी मारली नाही.

त्यांना हलकं वाटावं म्हणून मी हसले. "अहो, आमच्याकडे दर रविवारी मटण असतं. आम्हाला काय त्याचं?"

"ते तुमी जाणून खाता," त्या म्हणाल्या. "हे मी तुमाला न सांगता लावाय दिलं."

माझ्या ओठांवर तेव्हाही तेच मलम होतं. पुसायला मी हात उचलला, तशी त्यांनी मान खाली घातली.