शेवटच्या थांब्यासाठी पाच मिनिटं

डेपोत तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. सत्तावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेल्या बाईला असलं टोपणनाव टोचत नाही. खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दाराशी उभी राहून ती "पुढे सरका!" म्हणाली की पार ड्रायव्हरच्या पाठीशी उभा असलेला माणूससुद्धा अंग चोरून घेई.

म्हणूनच साहेबांचा निरोप आला तेव्हा सगळ्या जणींनी तिच्याकडेच पाहिलं. प्रकरण शेवटच्या थांब्याचं होतं. तिथे बस वळवायला जागा होती, वेळ नोंदवायला खिडकी होती, पुरुषांना भिंत होती. बायकांसाठी संडास नव्हता. त्या मार्गावरच्या अकरा कंडक्टर बायका पहाटे पाचला ड्युटीवर चढायच्या, त्या दुपारी एकपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. दोघींना मूतखडे झाले होते. सगळ्यात धाकटी तर तापाने फणफणून दोनदा दवाखान्यात राहून आली होती. चार वर्षांत पाच अर्ज गेले आणि पाचही कुठे जिरले, देव जाणे. आता वरिष्ठांच्या बैठकीत पाच मिनिटं मिळाली होती, तीही दोन महिन्यांनी. एकीनेच यायचं आणि बोलायचं.

"ताई, तूच जा," धाकटी म्हणाली. "तुझ्यासारखा आवाज आहे का कुणाचा?"

ती हो म्हणाली खरी, पण चालत्या बसमध्ये ओरडणं वेगळं आणि गप्प बसून आपल्याकडे बघणाऱ्या माणसांसमोर उभं राहणं वेगळं, हे तिला आदल्याच वर्षी कळलं होतं. एका जुन्या ड्रायव्हरच्या शोकसभेत तिला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. हॉल भरलेला, दाराशी दाटी. तिने फोटोकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, पाठ केलेलं सगळं साफ उडालं आणि घशातून रोज जे निघायचं तेच निघालं: "मागे गर्दी करू नका, पुढे सरका!" आणि लोक सरकले हो! सवयच ती. पहिली रांग थेट फोटोला जाऊन टेकली आणि शोकसभेत हशा पिकला. "हे असते तर पोट धरून हसले असते," ड्रायव्हरची बायको डोळे पुसत म्हणाली. पण त्याने हिचं समाधान कसलं होतंय? आठ दिवस ती डेपोत मान खाली घालून वावरली.

घरी तिचे सासरे होते. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. फालतू शब्द दिसला की अजूनही त्यांचा हात शिवशिवायचा. तिने स्वयंपाकघरात उभं राहून त्यांना भाषण म्हणून दाखवायला सुरुवात केली.

"आदरणीय, सन्माननीय अधिकारीवर्ग..."

त्यांनी बोट वर केलं.

"काय झालं, मामंजी?"

"आदरणीय झालं ना, मग सन्माननीय कशाला? पुढे बोल."

"मी आज आपणासमोर उभी आहे, ती..."

पुन्हा बोट. "उभी आहेस ते त्यांना दिसतंय."

भाषण संपेपर्यंत सत्तेचाळीस वेळा बोट वर गेलं. नवऱ्याने मोजलं. त्याला तेवढंच काम होतं. शेवटी ती भडकली. "तुम्ही सगळंच खोडताय! मग मी बोलू काय, कपाळ?"

"उरेल ते बोल," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आणि घरात बोलून भागणार नाही. मिळेल तिथे बोल."

मग तीही हट्टाला पेटली. डेपोतला मेकॅनिक निवृत्त होत होता, त्याच्या निरोप समारंभात तिने आपणहून नाव दिलं. शोकसभेची धास्ती मनात होती, म्हणून इतक्या हळू बोलली, इतक्या हळू बोलली की आयुष्यभर इंजिनांपाशी राहून कान गेलेल्या त्या बिचाऱ्याने शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "ही बोलतेय का रडतेय?" पुन्हा फजिती. पण या खेपेला ती घरी येऊन हसली, आणि मामंजीही हसले.

महिन्याभराने भाचीचं लग्न झालं. भाषणाचा कागद तिने मुद्दाम घरी ठेवला. भाची लहान असताना एकदा शाळेच्या सुट्टीत दिवसभर तिच्याबरोबर बसमधून हिंडली होती आणि उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला "परत या हं" म्हणाली होती. तेवढंच तिने सांगितलं. ना बसमधला आवाज, ना निरोप समारंभातला. घरात पोळी वाढताना असतो तो आवाज. "आज तू उतरतेयस, बाळा," ती म्हणाली. "परत ये हं." भाऊ ढसाढसा रडला. मामंजींचं बोट एकदाही वर गेलं नाही, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं.

बैठकीच्या दिवशी मात्र पाचावर धारण बसली. लांब टेबलाभोवती नऊ अधिकारी होते, हिचा विषय सगळ्यात शेवटी. दीड तास तिला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवलं. हातात युनियनच्या सेक्रेटरीने लिहून दिलेली चार पानं होती, सगळी 'उपरोक्त' आणि 'सबब' यांनी भरलेली.

"हं, बाई, थोडक्यात आटपा," मुख्य साहेब घड्याळ बघत म्हणाले. "उशीर झालाय."

ती उठली. पानं खुर्चीवर ठेवली.

"साहेब, मी दीड तास इथे बसलेय. कंडक्टरची नजर आहे, कोण चढलं, कोण उतरलं, आपोआप टिपलं जातं. टेबलावर पाण्याच्या नऊ बाटल्या आहेत, सहा रिकाम्या झाल्यात. मधल्या वेळात चार जण बाहेर जाऊन आले. तुम्ही स्वतः दोनदा."

कुणीतरी खाकरलं.

"माझी तक्रार नाही. माणूस आहे, जाणारच. आम्ही आठ तास जात नाही. जागाच नाही, म्हणून पाणीच पीत नाही. आमच्यातली धाकटी चोवीस वर्षांची आहे. डॉक्टर तिला सांगतात, भरपूर पाणी पी. ती मला विचारते, ताई, पिऊ का? मी तिला काय सांगू, तेवढं तुम्ही मला सांगा."

आणि ती खाली बसली. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मुख्य साहेबांचा हात सवयीने बाटलीकडे गेला होता, तो अर्ध्यातून मागे आला. त्यांनी इंजिनियरला विचारलं, "किती दिवस लागतील?"

"आधी जागा बघावी लागेल, साहेब. मग प्रस्ताव, मग..."

"जागा आहे!" ती गरजली, बसमधल्या आवाजात, आणि इंजिनियरची खुर्ची वीतभर मागे सरकली. "खिडकीमागची खोली तीन वर्षं रिकामी पडलीय. किल्ली माझ्यासमोर खिळ्याला लटकते!"

साहेब हसले. सगळेच हसले, आणि या वेळी तिला ते हसू गोड लागलं. सहा आठवड्यांचा शब्द मिळाला, लागले नऊ. पण झालं. पांढऱ्या फरशा, आतून लागणारी कडी, नळाला धो धो पाणी. अकरा जणी आळीपाळीने आत जाऊन नुसता नळ सोडून बघून आल्या.

उद्घाटनाला साहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं. मामंजी मागच्या रांगेत होते, त्यांचं बोट काही खाली येईना. मग तिचं नाव पुकारलं. टाळ्या थांबेनात. ती पुढे आली, माइककडे ढुंकूनही न बघता धाकटीपाशी गेली आणि नळावर भरलेली बाटली तिच्या हातात दिली.

"पी," ती म्हणाली.

धाकटीने बाटली तोंडाला लावली, आणि रिकामी होईपर्यंत खाली आणली नाही.