आठव्या प्रकरणातला आवाज

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही म्हणायला हरकत नाही. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरात कुणी अंगारा-धुपारा केलेला मला आठवत नाही. तरीही हे लिहितेय, कारण त्या दिवशी मी एकटी नव्हते...

आम्ही तासगावजवळ राहतो. बेदाण्याचं शेड आहे. माझे मिस्टर अजित माल घेऊन सातारा, कोरेगाव असे टेम्पोनं जायचे आणि वाटेत मोबाईलवर एक ऑडिओबुक ऐकायचे. मराठीच, धंदा कसा वाढवावा, वेळ कसा वाचवावा असलं. वाचणारा माणूस पुण्याकडचा असावा. एकदम घासूनपुसून बोलणं! घरी आल्यावर हे त्याची नक्कल करायचे — "मित्रहो, पहाटेचा एक तास स्वतःला द्या" — आणि स्वतः सातला उठायचे.

गेल्या श्रावणात ते अॅटॅकनं गेले. एक्केचाळीस वय.

त्यांचा फोन मी बंद केला नाही. अॅप उघडलं तर ते पुस्तक आठव्या प्रकरणात मध्येच थांबलेलं. मी पहिल्यापासून ऐकायला लागले. धंदा शिकायचा होता हे खरं, कारण कोरेगावचा माझा भाऊ मागं लागला होता की शेड भाड्यानं दे आणि सासूबाईंना घेऊन इकडं ये. पण आतलं कारण वेगळं होतं. हे सगळं त्यांच्या कानावरून गेलंय, असं वाटायचं. एखादं वाक्य आलं की, इथं हे हसले असतील... आणि जिथं ते थांबले होते तिथं आले की मी परत पहिलं प्रकरण लावायची. त्याच्यापुढं जायचं धाडसच होत नव्हतं. पुढचं मला एकटीला ऐकावं लागणार होतं.

मार्च महिना. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, चांगलं ऊन होतं. शेडमध्ये मी आणि सासूबाई दोघीच बेदाणा निवडत बसलो होतो. आवाज मोठा यावा म्हणून फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला होता. हात चिकट झालेले, फोनकडं लक्ष नव्हतं, त्यामुळं आठवं प्रकरण कधी लागलं आणि ती जागा कधी ओलांडली ते कळलंच नाही. वाचणारा सांगत होता, कामांची यादी करा, त्यातलं महत्त्वाचं आधी...

आणि मध्येच, त्याच पातेल्यातून —

"शोभे, जेवून घ्या तुमी दोघी. मला जरा उशीर हुईल."

सासूबाईंनी मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, "बरं. ये सावकाश."

मग त्यांचे हात थांबले.

आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. पुस्तक पुढं चालूच होतं, पुण्याचा माणूस यादीबद्दल बोलत होता.

आम्ही जैन. सासूबाई दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून हे रोज साडेपाचला वाटेतून फोन करायचे. हेच शब्द. रोजचेच, त्यामुळं मी कधी नीट ऐकलेही नव्हते.

त्या जागेवर मी पुस्तक मागं-पुढं करून वीस वेळा तरी ऐकलं असेल. काही नाही. भाऊ कॉम्प्युटरचं काम करतो. तो म्हणाला, जुनं कॉल रेकॉर्डिंग मध्ये वाजलं असेल. दोन दिवस त्यानं सगळा फोन तपासला. एकही रेकॉर्डिंग सापडलं नाही. तेच पुस्तक स्वतःच्या फोनवर घेऊन ऐकलं, त्यातही नाही. मग म्हणाला, "ताई, तुला भास झाला असंल गं." मी म्हटलं, मला झाला असेल, पण उत्तर कुणी दिलं? त्यानं फोन परत माझ्या हातात दिला. शेड भाड्यानं द्यायचा विषय मात्र मीच बंद केला. त्याला सांगितलं की यंदाचा सीझन आम्ही दोघी करतोय.

आठवडाभरानं निवडायला बसलो तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ते पुस्तक लाव की गं."

आता पूर्ण पुस्तक तीनदा ऐकून झालंय. सासूबाईंना महत्त्वाचं काम आणि तातडीचं काम यातला फरक पाठ झालाय, कामाला येणाऱ्या बायकांनाही सांगतात. आठवं प्रकरण आलं की मात्र दोघीही बोलत नाही...

कुणाला काही स्पष्टीकरण सुचत असेल तर जरूर लिहा. मला सापडलेलं नाही. सापडलं तर काय करीन तेही ठाऊक नाही. मला वेगळीच रुखरुख लागून राहिलीय. सासूबाई निदान उत्तर तरी देऊन बसल्या. मी समोर असून गप्प राहिले. किती उशीर होईल, एवढं विचारायला हवं होतं.