परचुऱ्यांना मत नाही

दीनानाथ परचुरे पुण्यात वीज मंडळात उपअभियंता होते. निवृत्तीनंतर ते आणि नीताताई मुलाकडे, ऑकलंडजवळच्या टाकानिनीत, कायमचे राहायला आले. विमानतळावर त्यांचं लोणचं काढून घेतलं. मतं मात्र सगळीच्या सगळी सुखरूप पोचली.

शेजाऱ्याने लॉन कुठल्या दिशेने कापावं, बसस्टॉप कसा चुकीच्या जागी आहे, आमटीत गूळ नेमका कधी पडला पाहिजे, हे सगळं ते कुणी न विचारता सांगत. मुलगा अक्षत हल्ली ऑफिसला लवकर निघायला लागला होता. सून स्वानंदी घरून काम करायची, त्यामुळे तिला तीही सोय नव्हती.

शेवटी तिनेच सासऱ्यांसाठी एक नोकरी शोधून काढली. ब्रिटनमधल्या लोकांना फोन करून राजकारणावर, समाजावर त्यांची मतं विचारणारी एक कंपनी होती. तिथली माणसं संध्याकाळी घरी सापडतात, आणि त्यांची संध्याकाळ म्हणजे न्यूझीलंडची सकाळ. कंपनीला चांगलं इंग्रजी बोलणारी, लवकर उठणारी माणसं हवी होती.

“लोकमत!” दीनानाथ खूश झाले. “अगं, मग माझ्याशिवाय कोण?”

त्यांची सुपरवायझर कल्याणी वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये जन्मलेली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिने माओरी नमस्कार करून सांगितलं, “किया ओरा अंकल! जस्ट वन रूल. यू हॅव नो ओपिनियन.”

“कशाबद्दल?”

“अबाउट एनिथिंग.”

गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी टेबल लागलं. दीनानाथ हेडफोन लावून बसले. नीताताई मशीनमधले कपडे काढायला आल्या, आणि नवऱ्याच्या तोंडचं वाक्य ऐकून ओला टॉवेल हातात घेऊन जागीच उभ्या राहिल्या.

“नाही मॅडम,” दीनानाथ इंग्रजीत म्हणत होते, “त्याबद्दल मला काहीच मत नाही.”

नीताताई लगबगीने आत गेल्या. “स्वानंदी, काम राहू दे. आधी चल, ऐक!”

दोघी गॅरेजच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पलीकडच्या बाईंनी सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क द्यावा की नाही यावर उत्तर दिलं आणि उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं? दीनानाथांच्या मानेवरची शीर फुगली. पण तोंडातून आलं ते एवढंच, “मी प्रश्न पुन्हा वाचू का, मॅडम?”

त्या दिवशी घरात शिरा झाला.

काही आठवडे बरे गेले. मग डॉनकास्टरचे पिकरिंग नावाचे निवृत्त रेल्वे सिग्नलमन फोनवर आले. प्रश्न होता, वीजपुरवठा सरकारने चालवावा याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात?

“पूर्ण सहमत,” पिकरिंग म्हणाले. “पूर्वी सरकारी इंजिनियर नुसते चहा पीत बसायचे. पण निदान स्वस्तात बसायचे!”

दीनानाथांनी हेडफोन घट्ट केला.

“चहा? पुरात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ट्रान्सफॉर्मर बदललाय मी, साहेब! वर पाऊस, खाली साप, आणि तुम्ही म्हणता चहा?”

पिकरिंग बिचारे ऐकत राहिले. खाजगी कंपन्या, मीटर, वीजचोरी, गणपतीच्या मांडवांचे आकडे, सगळं त्यांच्या कानावर घालून झालं. शेवटी ते क्षीण आवाजात म्हणाले, “माझं डोकं गरगरतंय. ‘सांगता येत नाही’ असं लिहा.”

फोन अर्थातच रेकॉर्ड होत होता. दुपारी कल्याणीचा कॉल आला.

“अंकल, प्रश्न एक विचारलात. उत्तर त्याने दिलं एक, तुम्ही दिलीत नऊ.” रागाच्या भरात ती चक्क मराठीत बोलली. “आणि त्याचं मत बदललंत! आम्ही मतं मोजतो अंकल, बनवत नाही.”

मुलाखत बाद झाली, आणि दीनानाथांना काही दिवस घरी बसायला सांगितलं.

ते घरी बसले आणि दुप्पट बोलू लागले. आता कंपनीच्या प्रश्नावलीत काय चुका आहेत, हा नवीन विषय मिळाला होता. नाश्त्याला प्रश्नावली, जेवताना प्रश्नावली. नीताताईंनी एका सकाळी स्वतःच कल्याणीला फोन लावला.

“बाळा, ह्यांना परत घे गं.”

“बट आंटी, ही टॉक्स अ लॉट.”

“अगं, म्हणून तर म्हणते!”

कल्याणी हसत सुटली. दीनानाथ परत रुजू झाले, पण एका अटीवर. मत अनावर झालंच तर आधी म्यूटचं बटण दाबायचं, मग बोलायचं.

हे त्यांना भलतंच जमलं. “आभारी आहे सर,” असं म्हणून बटण दाबायचं, “काय गाढव आहे हा!” असं वॉशिंग मशीनकडे बघून म्हणायचं, की बटण सोडून पुढचा प्रश्न. कल्याणीने त्यांना ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे ‘एकदम झकास’, असा मेसेजही पाठवला.

मागच्या आठवड्यात कार्डिफच्या एक बाई लाइनवर होत्या. प्रश्न होता, घरकामाची जबाबदारी नवरा-बायकोने सारखी वाटून घ्यावी का? बाई म्हणाल्या, थांबा, विचार करते. दीनानाथांनी बटण दाबलं आणि बोलायला तोंड उघडलं. समोर नीताताई चादरीची घडी घालत होत्या. एकटीनेच, एक टोक हनुवटीखाली दाबून.

का कोण जाणे, त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं गं?”

संसाराच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न नीताताईंना पहिल्यांदाच ऐकू येत होता. त्यांनी चादर खाली ठेवली, मशीन बंद केलं आणि स्टूल ओढून बसल्या.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “लग्न झालं त्या वर्षापासून सुरू करते.”

हेडफोनमधून कार्डिफच्या बाई “हॅलो? हॅलो?” करत राहिल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी फोन ठेवून दिला. दीनानाथांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नीताताई तेव्हा कुठे पहिल्या दिवाळसणापर्यंत पोचल्या होत्या.