नको असलेला आवाज

टिअर्नन पॅडनने कॉलेजच्या एकाच मजल्यावर दोन अभ्यासक्रम केले. डावीकडच्या दाराआड ध्वनिमुद्रण, उजवीकडच्या दाराआड बालशिक्षण. मध्ये चहाचं यंत्र. डाव्या दारातून उजव्या दारात जायला त्याला बरीच वर्षं लागली.

त्या वर्षांत तो आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या चर्चमधून अंत्यविधींच्या थेट प्रक्षेपणाचा आवाज सांभाळायचा. गावात कुणी गेलं की बॉस्टनमधला मुलगा, सिडनीतली बहीण इंटरनेटवरून घरबसल्या प्रार्थना ऐकत. खोकला, हुंदका, बाकांची करकर पुढे जाऊ द्यायची नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. पण तसं ठरलेलंच होतं. टिअर्ननचा हात त्यात बसला होता.

एकदा एका म्हाताऱ्याच्या शवपेटीसमोर त्याची नात खणखणीत आवाजात म्हणाली, “आजोबांना आत उकडत असेल ना?”

टिअर्ननच्या बोटाने सवयीने माइकची कळ खाली ओढली. सिडनीला काही कळलं नाही. परतताना गाडीत त्याला तोच प्रश्न ऐकू येत राहिला. सबंध दिवसात ऐकण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्याने बंद केलं होतं.

सप्टेंबरात तो उजव्या दाराशी उभा राहिला. वर्गात तो एकटाच पुरुष.

“काय रे, लंगोट बदलायचीही पदवी मिळते म्हणे आता?” पबमध्ये कुणीतरी विचारलं.

“मिळते की. बिअरच्या तिसऱ्या ग्लासानंतर तुलाच उपयोगी पडेल ती.”

सरावासाठी त्याला डिंपनाच्या बालवाडीत पाठवलं. पहिल्या दिवशी डिंपनाने त्याला खांद्याला धरून खालीच बसवलं. “उभा राहू नकोस, बाबा. उभा माणूस म्हणजे पोरांना नुसते गुडघे.” तेव्हापासून तो जमिनीवर बसायचा. त्याच्या पँटीला कायम कसलातरी चिकट डाग असायचा.

तिथेच चार वर्षांची आल्वा होती. ती रोज यायची, रबरी बूट काढायची, आणि दुधाच्या जुन्या फ्रिजला पाठ लावून बसायची. रडायची नाही, भांडायची नाही. मान हलवून हो-नाही सांगायची. सप्टेंबरपासून तिने तिथे एक शब्द काढला नव्हता. टिअर्नन तिच्यापासून हातभर अंतरावर बसायचा. कधी ती लाकडी घोडा त्याच्याकडे सरकवायची, कधी परत ओढून घ्यायची. यापलीकडे त्यांच्यात काही घडलं नव्हतं. त्याला मात्र ते पुष्कळ वाटायचं.

फेब्रुवारीत तिची आई, मजेला, कामावर जाता जाता दारात थांबली. मासे धुरी देऊन टिकवण्याच्या कारखान्यात तिची कामाची पाळी होती. अंगावरचा कोट तिने काढला नाही.

“शुक्रवारनंतर मी हिला नाही पाठवणार. माझ्या आईकडे ठेवीन.”

“का गं?” डिंपनाने विचारलं.

“का म्हणजे? घरी माझं डोकं खाते ही. इथे तोंडाला कुलूप. सुखात असलेलं पोर असं गप्प बसतं का?”

“कधी कधी बसतं.”

“कधी कधी! तुला काय जातंय बोलायला? हिला सोडून रोज मला जावं लागतं.”

  आल्वा सुखात आहे असं टिअर्ननला वाटत होतं, पण वाटतं म्हणून आईला काय सांगणार?

गेल्याच आठवड्यात त्याने कॉलेजच्या कामासाठी मुलांच्या खेळाची एक सकाळ ध्वनिमुद्रित केली होती. पालकांची परवानगी होती, मजेलाचीही. गुरुवारी दुपारी तो ते घेऊन पुन्हा डाव्या दारात गेला. सगळ्या मुद्रणावर फ्रिजची घरघर पसरली होती. ती काढायची रीत त्याला पाठ होती. जिथे नुसती घरघरच आहे असा एक तुकडा निवडायचा. हा आवाज नको, असं संगणकाला सांगायचं. मग तो आवाज सगळीकडून पुसला जातो.

मुलं हात धुवायला गेली होती, तेवढा तुकडा त्याने निवडला. खोलीत तेव्हा कुणी बोलत नव्हतं. घरघर गेली.

पण काहीतरी बिघडलं होतं. पोरांचे आवाज पोकळ झाले होते, पाण्याखालून आल्यासारखे. म्हणजे घरघरीबरोबर आणखी काहीतरी पुसलं गेलं होतं. काय, ते बघायला त्याने नुसतं पुसलेलंच ऐकायला घेतलं.

घरघर. एकसुरी, लांबलचक. मग तिच्यातला एक धागा तुटला. बारीकसा श्वास आला. आणि धागा पुन्हा त्याच सुरावर लागला.

टिअर्ननने हेडफोन कानांवर दाबून धरले.

फ्रिज श्वास घेत नाही.

त्याने सुरुवातीपासून ऐकलं. आल्वा सकाळभर गुणगुणत होती, फ्रिजच्या सुरात सूर मिळवून. इतका नेमका की हातभर अंतरावर बसूनही त्याला तो वेगळा ऐकू आला नव्हता. बाकीची मुलं हात धुवायला गेली तेव्हाही ती फ्रिजपाशीच गुणगुणत होती, आणि नेमका तोच तुकडा त्याने ‘नको’ म्हणून निवडला होता. एका पोराचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळला, तेव्हा ती थांबली. नाकातल्या नाकात हसली. मग पुन्हा सूर धरला.

शुक्रवारी मजेला मुलीला न्यायला आली, तेव्हा त्याने तिला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं.

“आधी सांगतो, चूक माझी होती,” तो म्हणाला. “मी हिलाच पुसून टाकत होतो.” आणि हेडफोन दिले.

“हा तर फ्रिज आहे.”

“जरा थांब. श्वास ऐक.”

मजेलाने ऐकलं. कोटाच्या बटणाशी चाललेली तिची बोटं थांबली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “घरी वॉशिंग मशीनबरोबर असंच चालतं हिचं. मी ओरडते, गप गं, बातम्या ऐकू दे.” मग तिचा चेहरा पुन्हा आवळला. “पण बोलत तर नाहीये.”

“नाही. बोलत नाहीये.”

“मग?”

“घाबरलेलं मूल श्वास रोखून बसतं,” टिअर्नन म्हणाला. “हिने रोखलेला नाही. कधी बोलेल, ते मला माहीत नाही.”

डिंपना पुसणीला हात पुसत आली. “आणि मी तो फ्रिज भंगारात द्यायला निघाले होते.”

“हात तर लावून बघ त्याला!” मजेला म्हणाली.

तेवढ्यात आल्वा उलटसुलट पायांत बूट घालून समोर येऊन उभी राहिली. एरवी एव्हाना त्या दोघी फाटकाबाहेर असायच्या.

“बस जरा,” मजेला तिला म्हणाली. एक हेडफोन तिने कानाशी घट्ट धरला होता. “तुझंच ऐकतेय.”

आल्वाने आधी आईकडे पाहिलं, मग टिअर्ननकडे. मग ती जमिनीवर बसली आणि बूट काढू लागली.