विहिरीच्या वरचा खड्डा

संडास बांधायचा ठरला तेव्हा घराच्या खालच्या अंगाला जागा मोकळीच होती. पण तिथं आमच्या देवाचा दगड हाय, वर्षाला नारळ फोडतो तिथं. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, कानावर हातच ठेवले. "देवाच्या दारात संडास? शिव शिव!" झालं! धाकट्या दिरानं विहिरीच्या वर, चढावर खड्डा मारला. कडेनं चिरे रचले, बूड मातीचंच ठेवलं, वर फरशी टाकली. घाण नजरेआड झाली की आमच्याकडं ती संपलीच.

पावसात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आत्ती म्हणाल्या, पाला कुजला असंल. कुठला पाला नि कुठलं काय! गणपतीच्या आसपास त्याच दिराची बायको, माझी धाकटी जाऊ, पिवळी पडली. पोटुशी होती बिचारी. डॉक्टरीणबाईंनी आधी पाण्याचं विचारलं, मग खड्डा कुठं हाय ते. ऐकून कपाळाला हात लावला. "गरोदर बाईला कावीळ म्हणजे जिवाशी खेळ," म्हणाल्या. जाऊ वाचली, बाळही वाचलं, मूठभर का होईना.

तवापासून घरात पाणी उकळूनच पितो, पण खड्डा हाय तिथंच. दिराला सांगून सांगून माझी जीभ झिजली. "बघू वैनी, भातकापणी होऊ दे." असला राग यायचा मला!

बाळंतीण उठली की विहीर पुजायची, हा आमच्या घरचा रिवाज. हळदकुंकू वाहून पहिली कळशी तिनं काढायची आणि त्यातला थेंब बाळाच्या ओठाला लावायचा. जावेनं मुकाट्यानं कळशी काढली. आत्तींनी बोट बुडवून पुढं केलं, तशी तिनं बाळाला छातीशी धरून पाठ फिरवली.

"अगं, विहीर म्हंजे आई. आई कधी लेकराला मारती व्हय?" आत्ती म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून जिनं कधी वर मान करून बघितलं न्हाई, ती म्हणाली, "आई हाय न्हवं? मग तिच्या डोक्यावर हगतासा कशाला?"

दीर शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण फावड्याला काही हात लावला न्हाई. त्याच दुपारी जाऊ बाळाला घेऊन नंदिगड्ड्याला माहेरी निघाली. आत्ती दारात आडव्या आल्या, रडल्या. मी अडवलं न्हाई. तिची पिशवी मीच भरून दिली.