दत्तोपंतांची लाल शाई

दत्तोपंत निजामाच्या अमलात लोकांना उर्दूत अर्ज लिहून द्यायचे. पोलीस ॲक्शन झाली, उर्दूचा भाव उतरला, तशी या गृहस्थांनी इंग्रजीला मिठी मारली आणि गुलमंडीमागच्या एका शाळेत मास्तर झाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस तो! पैठणला दिलेल्या लेकीनं, मीनाक्षीनं, पत्रसुद्धा इंग्रजीतच लिहायचं असा त्यांचा हुकूम. ते पत्र लाल शाईनं तपासायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि परत पाठवायचं.

दमयंतीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पोटच्या लेकीची खुशाली त्यांना नवऱ्याच्या तोंडून मिळायची, तीही उरलीसुरली.

त्या रविवारी मास्तर पानावर बसले तेच कुरकुरत. "सहाच गुण दिले. सासूच्या वागण्याला कार्टीनं सिव्हेरिटी लिहिलंय. अगं, सिव्हेरिटी म्हणजे कडकपणा. त्याला नियम असतो, कारण असतं. मी वर्गात असतो तसा. स्वयंपाकघराला कुलूप घालून सुनेला दोन-दोन दिवस उपाशी ठेवायचं, त्याला क्रुएल्टी म्हणतात. खोडून नीट लिहून दिलं."

बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "कोण उपाशी?"

"मीनाक्षी. पण मुद्दा तो नाही."

"पत्र कुठंय?"

"टाकलं की मघाशी टपालपेटीत. आमटी वाढ."

बाईंना त्या माणसाची किळस आली. पंचवीस वर्षं आपण याला विद्वान समजलो! त्यांनी आमटीचं पातेलंच त्याच्यापुढं आदळलं, पिशवी उचलली आणि बसस्टँड गाठला. जन्मात पहिल्यांदा एकटीनं तिकीट काढलं. पैठणला विहीणबाई तोंड सोडून बोलल्या. बाईंनी लेकीचा हात धरला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या.

मास्तर दारातच उभे. "लोक काय म्हणतील? मला विचारायचं तरी!"

"आता विचारते की," बाई म्हणाल्या. "विहीणबाईच्या वागण्याला तुम्ही नेमका शब्द शोधलात. लेकरू उपाशी आहे हे वाचूनसुद्धा जो गुण देत बसला, त्या बापाला कोणता? सिव्हेरिटी का ती दुसरी?"

मीनाक्षी तोवर आत जाऊन सकाळची पोळी उभ्यानंच खात होती. तिच्याकडं न बघता मास्तर म्हणाले, "दोन्ही बसत नाहीत इथं. थांब, बघून सांगतो."

आणि त्यांनी फडताळातला कोश काढला.